गाळलेले शब्द

धनाजी चौगुलेंची वाचा गेली, ती हातात माइक असतानाच.

गडहिंग्लजच्या पंचक्रोशीत कुठंही कुस्त्यांचं मैदान असलं की निवेदनाला धनाजी चौगुले, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. कोणता पैलवान कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, गेल्या साली त्यानं कुणाला कोणत्या डावावर आस्मान दाखवलं, सगळं त्यांना तोंडपाठ. तरुणपणी ते स्वतःही पैलवान होते. त्या दिवशी नेसरीच्या मैदानात शेवटची कुस्ती लागली होती. "पट काढला, पट काढला, आता घिस्सा..." इथवर आवाज आला आणि पुढं नुसती घरघर. लोकांना वाटलं, माइक बिघडला. बघतात तर निवेदक खुर्चीत उजवीकडं कलंडलेले. ओठ हलत होते, शब्द नव्हता.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना, चालता येऊ लागलं. बोलणं मात्र परत आलं नाही.

"त्यांना सगळं कळतंय," डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, राजश्रीला सांगितलं. "काय बोलायचं तेही डोक्यात आहे. जीभही शाबूत आहे. डोक्यातून जिभेपर्यंत हुकूम पोचवणारा मेंदूचा भाग तेवढा गेलाय."

धनाजीराव मूळचेच तापट. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यांचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. आता त्यांच्या तोंडातून फक्त "आयला" एवढंच निघायचं. शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात, त्या सहसा वाचतात, असं डॉक्टर म्हणाले. पाणी हवं असलं तरी "आयला", कुणी भेटायला आलं तरी "आयला". लोक तोंड फिरवून हसायचे. ते धनाजीरावांना दिसायचं. मग डाव्या हातानं ताट भिंतीवर जायचं. लेक ऋतुजा पुण्यात नोकरीला होती, शनिवार-रविवारी येऊन जायची. बाकीचे दिवस राजश्री एकटीच भिंत पुसत असे.

जलपथ परिवार नावाच्या पंथात जाणाऱ्या गल्लीतल्याच बायकांनी तिला त्यांच्या वाणी केंद्राबद्दल सांगितलं. केंद्र कोल्हापूरला, हमरस्त्यालगत. पांढरी इमारत, दारात पाण्याचा पाट. तिथं शीतल नावाची मुलगी भेटली. पांढरा ड्रेस, हळू आवाज. सगळं तिनंच समजावून सांगितलं.

कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागावर, दुधावरच्या सायीइतकी पातळ जाळी बसवायची. माणूस बोलू पाहतो तेव्हा ओठांना, जिभेला, घशाला हुकूम द्यायची तयारी मेंदूत होत असते, मग तो हुकूम पुढं पोचो न पोचो. जाळी ती तयारी टिपते. पण टिपलं जातं ते फार धूसर असतं, भिंतीपलीकडचं बोलणं कान लावून ऐकावं तसं. त्यातून शब्द काढायचा तर अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज बांधणारं गणित गळ्यात घालायच्या एका पदकात असतं. 'मला पाणी' इतकं उमटलं की पुढं 'हवं' येणार, हे त्याला कळतं, कारण त्यानं आधी कोट्यवधी वाक्यं ऐकलेली असतात. मग तो शब्द पदकातूनच उच्चारला जातो.

ही यंत्रं मोठ्या कंपन्यांनी इंग्रजीत आणि चिनीत केव्हाच आणली होती. मराठीसाठी कुणी हात घातला नव्हता, कारण एवढं बोललेलं मराठी कुणाकडं साठवलेलंच नव्हतं. जलपथकडं होतं. त्यांचे गुरू उगमश्री यांची चाळीस वर्षांची प्रवचनं होती. शिवाय दर आठवड्याला प्रत्येक साधक एका खोलीत बसून आपलं मनोगत सांगायचा, मनात काय आलं, कुणाबद्दल आलं. तेही सगळं ध्वनिमुद्रित होतं. यंत्र शिकलं ते त्यावर.

"आणि खर्च?" राजश्रीनं विचारलं.

"उगमश्रींकडं वाणीचं दान असतं, वहिनी. दानाला खर्च नसतो."

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरानं ती त्यांच्यासमोर बसली होती. धनाजीरावांचे ओठ थरथरले आणि पदकातून आवाज आला, "राजश्री."

तोच आवाज! मैदानातल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांनी तो जसाच्या तसा घडवला होता, खर्जातला, किंचित फाटलेला. राजश्री त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. धनाजीरावांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं.

"मी शांत आहे," पदक म्हणालं.

घर बदललं. ताटं भिंतीवर जाईनात. धनाजीराव सकाळी उठून म्हणत, "चहा गोड झालाय." संध्याकाळी म्हणत, "आजचा दिवस वाहता गेला." लग्नानंतर इतक्या वर्षांत चहाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. राजश्रीला आधी नवल वाटलं, मग सवय झाली, मग आवडू लागलं.

काही शब्द मात्र त्यांचे नव्हते. रागाला ते 'धग' म्हणत. शंकेला 'गाळ'. प्रश्नाला 'खडा'. जुन्या आठवणींना 'शेवाळ'. परिवाराबाहेरचे लोक 'कोरडे'. सांगितलेलं मुकाट ऐकणं म्हणजे 'उतार धरणं'. राजश्रीनं शीतलला विचारलं तेव्हा ती हसली.

"यंत्र ज्यांच्याकडून शिकलं त्यांचेच शब्द बोलणार की. तुम्हीसुद्धा घरात हेच वापरा. त्यांच्या कानावर जे पडेल ते त्यांना आठवायला सोपं, यंत्रालाही ओळखायला सोपं. वेगळे शब्द वापरलेत तर बिचारे अडखळतील."

राजश्रीला ते पटलं. नवऱ्याचं बोलणं अडखळू नये म्हणून ती 'धग' म्हणू लागली, 'गाळ' म्हणू लागली. मनात काही खुपलं की स्वतःशीच म्हणे, "गाळ बसू दे." आणि आश्चर्य म्हणजे ते खरंच बसायचं. काय खुपत होतं ते थोड्या वेळानं आठवायचंसुद्धा नाही. दर गुरुवारी ती त्यांना घेऊन केंद्रावर जाऊ लागली. तिथं तिचंही मनोगत रेकॉर्ड होऊ लागलं.

वडील बोलू लागल्यावर ऋतुजाच्या फेऱ्या थांबल्या होत्या, ती एकदम दिवाळीला आली. फोनवर ती बरेच दिवस कुरकुरत होतीच. पहिल्या दिवशी जेवताना ती गमतीनं म्हणाली, "पप्पा, घिस्सा डाव कसा मारतात ते सांगा की. मी लहान असताना गादीवर करून दाखवायचा."

धनाजीरावांचे डोळे चमकले. डावा हात वर उठला. ओठ हलले.

"घसरू नये," पदक म्हणालं. "उतार धरावा."

ऋतुजानं घास ताटात ठेवला. "घिस्सा, पप्पा. घिस्सा."

"घसरू नये. उतार धरावा."

उठलेला हात हळूहळू खाली आला.

"मम्मी, हे पप्पा नाहीत बोलत."

"मग कोण बोलतंय? आवाज त्यांचा नाही का?"

"आवाज त्यांचाच आहे गं. शब्द कुणाचे आहेत?"

"गाळ उकरू नको, ऋतुजा."

"बघ! तूसुद्धा! गाळ काय, खडा काय. साधं बोलता येत नाही का तुला? मला पप्पांना पुण्याला न्यायचंय, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय. उद्याच."

"ते कुठं येणार नाहीत."

"त्यांना विचारते ना." ऋतुजा उठली, वडिलांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. "पप्पा, माझ्याबरोबर येता?"

धनाजीरावांनी तिचं मनगट धरलं. ओठ वेडेवाकडे झाले, कपाळाची शीर तटतटली.  पदक मात्र त्याच शांत खर्जात म्हणालं, "मी तुला वाहू दिलं."

ऋतुजानं आईकडं पाहिलं. "म्हणजे काय?"

राजश्रीला अर्थ ठाऊक होता. परिवारात कुणी फारच कोरडा निघाला तर त्याच्या घरचे असं म्हणत. मग त्याच्याशी बोलणं बंद, नाव घेणं बंद. तोडलं असं कुणी म्हणत नसे. वाहू दिलं.

"म्हणजे... तू जा," राजश्री म्हणाली.

ऋतुजानं मनगट सोडवून घेतलं. त्याला जरा वेळ लागला, कारण धनाजीरावांची पकड अजून पैलवानाची होती. दिवाळीचे दिवे लागायच्या आतच तिनं पुण्याची गाडी धरली.

पुढच्या गुरुवारी केंद्रावर जाळीची तपासणी होती. धनाजीराव खुर्चीत, डोक्याला वायर लावलेली. शेजारी मोठा पडदा. शीतल एकेक दिवसाची वाक्यं बघत होती. वरच्या ओळीत फिकट अक्षरांत मेंदूतून जाळीला मिळालेलं, खालच्या ओळीत निळ्या अक्षरांत यंत्रानं उच्चारलेलं. दिवाळीचा दिवस पडद्यावर आला. खाली निळ्यात होतं, 'मी तुला वाहू दिलं'. वर फिकट अक्षरांत होतं, 'तू जाऊ नको'.

राजश्रीनं दोनदा वाचलं.

"शीतल, हे वरचं..."

"ते कच्चं असतं वहिनी." शीतलनं लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "माणूस धगीत, भीतीत काय वाटेल ते बोलू बघतो. ते काही त्याचं खरं बोलणं नसतं. ओढ्याचं पाणी आपण तसंच पितो का? गाळून घेतो. यंत्रही तेच करतं."

"पण ते तिला थांब म्हणत होते."

"आणि थांबली असती तर? घरात रोज धग. तुम्हालाच त्रास झाला असता ना?"

राजश्रीनं नवऱ्याकडं पाहिलं. ते पडद्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. तिनं पाहिलंय, हे त्यांनी पाहिलं होतं. आता ती काय करते, याची वाट बघत होते.

तिच्या मनात काहीतरी वर आलं. ते काय आहे हे ती शोधू लागली, तर हाताला 'खडा' हा शब्द लागला. खडा टाकू नये. पाणी गढूळ होतं. गाळ बसू दे. तिनं नजर खाली केली. थोड्या वेळानं तिला बरं वाटलं.

घरी येताना गाडीत धनाजीराव खिडकीबाहेर बघत होते. "आजचा दिवस वाहता गेला," पदक म्हणालं.

त्यानंतर हिवाळा गेला, उन्हाळा लागला. राजश्रीनं काही केलं नाही. एक तर तिला वाटे, यंत्र काढलं तर पुन्हा ते "आयला" आणि पुन्हा ती भिंत. दुसरं कारण ती कुणाला सांगू शकली नसती, गुरुवारच्या मनोगतातही नाही. चहा गोड झालाय म्हणणारा नवरा तिला हवा होता. त्या म्हणण्यात तो स्वतः किती होता, हे तिला बघायचं नव्हतं. ऋतुजाचे फोन आधी तिनं उचलले नाहीत. मग ते यायचे थांबले.

परिवाराचा महासंगम भरला. माळावर दूरपर्यंत मांडव. त्या वर्षी निवेदनाला धनाजी चौगुलेंना बसवायचं ठरलं होतं. गेलेली वाणी उगमश्रींच्या कृपेनं परत मिळालेला माणूस, आणि वर असा आवाज. पांढरे कपडे घालून त्यांना व्यासपीठावर आणलं, पदकाला माइक जोडला. राजश्री पहिल्या रांगेत.

"उतार धरा," आवाज मांडवभर घुमला. "कोरड्यांना वाहू द्या. खडा हातात असेल तर हात उघडा." माणसं हात उघडत होती. हजारो हात.

दुपार कलली. ऊन तापलं होतं, मांडवात पंख्यांचाही वारा लागत नव्हता. राजश्रीनं पाहिलं, धनाजीरावांची मान एका बाजूला गेलीय. तोंड किंचित उघडं. छाती संथ वरखाली होतेय. तिनं त्या माणसाची झोप अर्धं आयुष्य पाहिली होती. ते झोपले होते.

आणि आवाज चालू होता.

"जो विचारतो तो तहानलेला राहतो. जो वाहतो तो पोचतो. धगीला नाव देऊ नका, ती विझेल."

एका वाक्यामागून दुसरं, न अडखळता, नेहमीपेक्षाही सफाईनं. झोपलेल्या मेंदूतही थोडी कुजबुज चालूच असते. यंत्राला तेवढी पुरत होती. आता चुकवायला, अडवायला आतून कुणी नव्हतं. शेजारची बाई हात जोडून पुटपुटली, "झोपेतसुद्धा उगमश्री बोलतात हो त्यांच्यातून. केवढं भाग्य तुमचं."

राजश्री उठली. तिनं काही ठरवलं नव्हतं. तिला ते ठरवता आलंही नसतं, त्यासाठी लागणारे शब्द तिच्याकडं उरले नव्हते. पाय चालू लागले एवढंच. ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. एका सेवकानं हात आडवा केला तो तिनं बाजूला सारला. नवऱ्याच्या गळ्यातून पदक काढलं आणि मागचा खटका दाबला. वाक्य मध्येच तुटलं. एवढ्या मोठ्या मांडवात आता पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

धनाजीराव जागे झाले. तिच्या हातातलं पदक बघितलं. तिच्या तोंडाकडं बघितलं.

"आयला," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या तोंडानं, घोगऱ्या, चिरक्या आवाजात.

कुणी त्यांना अडवलं नाही. गर्दीनं नुसती वाट दिली आणि ती दोघं जाताना प्रत्येकानं मान दुसरीकडं वळवली. गल्लीतल्या बायका त्या दिवसापासून राजश्रीशी बोलल्या नाहीत. ती कोपऱ्यावर दिसली की त्या शांतपणे रस्ता बदलत. त्यांच्या चेहऱ्यावर द्वेष नसायचा. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

ऋतुजाला फोन लावला तेव्हा राजश्रीला एकच शब्द बोलता आला. "ये." ऋतुजा त्याच दिवशी निघाली.

मिरजेच्या एका रुग्णालयात जाळी काढली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी धनाजीरावांना चित्रं दाखवून, उलटसुलट विचारून खात्री करून घेतली. जाळी काढली तर बोलणं जाईल, चालेल? त्यांनी डावा हात आपटून दर वेळी तेच उत्तर दिलं. चालेल.

"दुसरं यंत्र नाही का?" ऋतुजानं विचारलं.

"जाळ्या पुष्कळ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मराठीचं गणित एकच आहे, त्यांचं. आता जिल्ह्याजिल्ह्यांत तेच बसवतायत. शाळेत अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी कानातलं यंत्र निघालंय, त्यातही तेच. मुलांची प्रगती छान होते म्हणतात. खूप शांत होतात."

मग सुरू झाली ती जुन्या पद्धतीची मेहनत. आरसा, चित्रं, एकेक अक्षर. ऋतुजानं घरून काम करायची परवानगी काढली आणि गडहिंग्लजलाच राहिली. वर्षभरात धनाजीरावांना पाणी, चहा, नको आणि लेकीसाठी 'ऋतू' असे मूठभर शब्द जमले. तेही दर वेळी येत नसत. ताटं पुन्हा अधूनमधून भिंतीवर जात.

राजश्रीच्या डोक्यात कुणी जाळी बसवली नव्हती, त्यामुळं तिची काढायचीही काही सोय नव्हती. बोलता बोलता तिचा शब्द मध्येच फिरायचा. ऋतुजा टोकायची, ती सुधारायची, पुन्हा फिरायचा.

एका रविवारी दुपारची जेवणं झाली होती. ऋतुजा आईजवळ बसली आणि इतके दिवस राहून गेलेलं तिनं विचारलं.

"मम्मी, खरं सांग. दिवाळीला मी गेल्यावर तुला काय वाटलं?"

"मला..." राजश्रीनं तोंड उघडलं. "धग आली होती. नाही, धग नव्हे. थांब."

"थांबते."

"साधा शब्द आहे गं. लहान मुलंसुद्धा म्हणतात. मला तुझ्यावर आला होता, आणि त्या शीतलवर, आणि..." ती चाचपडत राहिली. आत काहीतरी होतं, पण त्याला धरायला कडी नव्हती, आणि धरता येत नव्हतं तोवर ते आहे की नाही हेही तिला नक्की सांगता येईना. तिच्या कपाळावर घाम आला.

खुर्चीतून खरडल्यासारखा आवाज आला.

"रा..."

दोघींनी वळून पाहिलं. धनाजीरावांची मान ताठ झाली होती. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होती, ठेका धरल्यासारखी. "रा... रा... राग."

"पप्पा!" ऋतुजा ओरडलीच. "राग! मम्मी, बघ, त्यांनी सांगितला तुला!"

धनाजीराव लेकीकडं बघत नव्हते. त्यांनी मूठ उघडली आणि बोट आपल्या छातीवर टेकवलं. मग तेच बोट सावकाश उचललं आणि राजश्रीकडं रोखलं.

"राग," ते पुन्हा म्हणाले. या वेळी शब्द अडखळला नाही.

ऋतुजाचं हसू विरलं. "पप्पा, असं काय? मम्मीनंच तर तुम्हाला..."

"थांब तू," राजश्री म्हणाली.

केंद्रावरचा पडदा, फिकट अक्षरं, तिची खाली गेलेली नजर आणि नंतरचे ते सगळे गोड चहाचे महिने. त्या प्रत्येक दिवशी हा माणूस आतून ओरडत होता आणि ती त्याच्या पदकाशी बोलत होती. तिला ते तेव्हाच माहीत होतं. त्याला हे सांगायला इतका काळ लागला होता.

तिनं तिची खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि बसली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "सांगा. अजून काय?"

धनाजीरावांनी श्वास घेतला. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. पुढचा शब्द यायला खूप वेळ लागणार होता. राजश्रीनं नजर हलवली नाही.